विश्लेषण : इंग्रजी फर्डे, पण स्पेलिंग कच्चे... असे का होते? मोठेपणी ते सुधारता येते का?

कार्यालयातील बैठकीत अर्धा तास इंग्रजीतून सादरीकरण करणारी, इंग्रजी कादंबऱ्या मुळातून वाचणारी, उपशीर्षकांशिवाय चित्रपट पाहणारी व्यक्ती फळ्यावर चार ओळी लिहायची वेळ आली की अडखळते. ‘सेपरेट’मध्ये पी नंतर ई की ए? ‘अकोमोडेट’मध्ये सी किती आणि एम किती? ‘रिसीव्ह’मध्ये आधी ई की आय? मोबाइल हातात असेल तर प्रश्न सुटतो, नसेल तर शब्दच बदलला जातो. इंग्रजीवर चांगली पकड असूनही स्पेलिंग कच्चे राहिलेले असे अनेक जण असतात आणि बहुतेकांची समजूत एकच असते, ‘आता या वयात काय सुधारणार?’ ही समजूत कितपत खरी आहे, चुकांमागची कारणे काय आणि त्या दुरुस्त करण्याचा मार्ग कोणता, याचा हा आढावा.

स्पेलिंग चुकले तर बिघडते काय?

अर्थ कळला की झाले, असे म्हणता येते आणि गप्पांच्या संदेशांत ते खरेही आहे. पण काही ठिकाणी चुकीची किंमत मोजावी लागते. परदेशी शिक्षणासाठी किंवा स्थलांतरासाठी द्याव्या लागणाऱ्या ‘आयईएलटीएस’ परीक्षेत श्रवण विभागात ४० प्रश्न असतात. उत्तर ऐकून बरोबर कळले, पण लिहिताना स्पेलिंग चुकले तर त्या प्रश्नाचा गुण जातो. याच परीक्षेच्या लेखन विभागात शब्दसंपदा हा चार समान निकषांपैकी एक आहे आणि स्पेलिंग त्यातच मोजले जाते. संगणकावर परीक्षा दिली तरी चुका दाखवणारी लाल रेघ तिथे नसते.

नोकरीच्या अर्जात तर गंमत वेगळीच होते. ‘मॅनेजर’ लिहिताना मधला एक ए सुटला की ‘मेंजर’ हा शब्द तयार होतो. त्याचा अर्थ गुरांची गव्हाण. तो शब्दकोशातला खरा शब्द असल्याने संगणक अनेकदा त्याखाली रेघही ओढत नाही. अर्ज वाचणारा मात्र तेवढ्यावरून अर्जदाराच्या काटेकोरपणाविषयी मत बनवतो. ते मत अन्यायाचे असू शकते. स्पेलिंगचा आणि बुद्धीचा थेट संबंध नाही. तरीही मत बनते, हे वास्तव आहे.

याहून मोठे नुकसान दिसत नाही. स्पेलिंगची खात्री नसलेला माणूस नेमका शब्द टाळून सोपा शब्द वापरतो, फळ्याजवळ जायचे टाळतो, हाताने अर्ज भरायचा असेल तर दुसऱ्याला पुढे करतो. त्याचे लिहिलेले इंग्रजी त्याच्या बोललेल्या इंग्रजीपेक्षा कायम तोकडे राहते.

इंग्रजी येते, तरी स्पेलिंग का चुकते?

कारण वाचताना शब्द ओळखायचा असतो आणि लिहिताना तो आठवायचा असतो. या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. ओळखीच्या माणसाचा चेहरा गर्दीत चटकन सापडतो, पण त्याचे चित्र काढा म्हटले तर भुवया कशा होत्या हेही सांगता येत नाही. सराईत वाचक शब्दातले एकेक अक्षर थांबून पाहत नाही. पुढचा-मागचा संदर्भ आणि शब्दाची एकूण ठेवण यांवर त्याचे काम भागते. त्यामुळे ‘भरपूर वाचा, स्पेलिंग आपोआप सुधारेल’ हा सल्ला अर्धाच खरा ठरतो. वाचनाने शब्द ओळखीचे होतात. ते लिहिता येतीलच, याची खात्री वाचन देत नाही.

दुसरे कारण शिकण्याच्या क्रमात आहे. ‘सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ या चालीवर शाळेत शब्द पाठ होतात, श्रुतलेखन होते. पुढच्या वर्गांत ते मागे पडते. नेमके त्यानंतरच शब्दसंग्रह झपाट्याने वाढतो आणि तो वाढतो मुख्यतः व्याख्याने, बैठका, मालिका, चित्रपट यांतून, म्हणजे कानांनी. हे शब्द तोंडात बसतात, हाताला मात्र त्यांची सवय होत नाही. तिसरे कारण खिशातल्या फोनचे. शब्दाची पहिली तीन अक्षरे उमटली की उरलेला शब्द फोनच पुरवतो. चूक झाल्याचे कळतच नाही, मग ती सुधारणार कशी?

इंग्रजी स्पेलिंग इतके आडवळणाचे का?

इंग्रजीत सुमारे ४४ ध्वनी आहेत आणि अक्षरे २६. एवढ्यावरून ओढाताण होणारच होती. इतिहासाने ती वाढवली. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टरमध्ये छापखाना सुरू केला आणि छापील रूपांमुळे स्पेलिंग हळूहळू गोठू लागले. त्याच सुमारास आणि पुढची दोनेक शतके इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे उच्चार मोठ्या प्रमाणावर बदलत होते. उच्चार पुढे गेले, स्पेलिंग मागे राहिले. ‘नाइट’ म्हणजे सरदार या शब्दातील के आणि जी-एच ही अक्षरे एके काळी उच्चारली जात असत. आज ती फक्त लिहिली जातात.

विद्वानांनीही भर घातली. कर्ज या अर्थाचा ‘डेट’ हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता. मूळ लॅटिन शब्दात बी आहे हे दाखवण्यासाठी तो मागाहून घुसवला गेला. ‘आयलंड’मधला एस तर चुकीच्या समजुतीतून आला. तो शब्द मुळात वेगळ्याच कुळातला. ‘रिसीट’मध्ये मूक पी आला, पण त्याच कुळातल्या ‘डिसीट’मध्ये आला नाही. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ मधील शब्दकोशाने ही रूपे बऱ्याच अंशी स्थिर केली. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने १८२८ च्या शब्दकोशात काही रूपे सुटसुटीत केली, ‘कलर’मधला यू गाळला. त्यामुळे एकाच भाषेची दोन वळणे तयार झाली.

मग त्यात काही तर्क आहे की नाही?

आहे, पण तो आपण शोधतो तिथे नाही. देवनागरीची सवय असलेला वाचक अक्षर आणि उच्चार यांची जोडी शोधतो. इंग्रजी स्पेलिंग उच्चारापेक्षा शब्दाचे मूळ जपण्याकडे झुकते. ‘साइन’मध्ये जी ऐकू येत नाही, पण ‘सिग्नल’ आणि ‘सिग्नेचर’मध्ये येतो. ‘मसल’मधला सी मूक आहे, ‘मस्क्युलर’मध्ये तो बोलतो. ‘कॉलम’च्या शेवटचा एन ‘कॉलम्निस्ट’ म्हणताना जागा होतो. ‘हील’ आणि ‘हेल्थ’ यांचे उच्चार वेगळे, पण दोन्हींत ई-ए तेच. भूतकाळाचा प्रत्यय ‘वॉक्ड’मध्ये ट ऐकू येतो, ‘प्लेड’मध्ये ड, ‘वॉन्टेड’मध्ये एड, पण लिहिताना तिन्ही ठिकाणी ई-डी.

मराठीचे वळण याच्या उलट आहे. ‘मूल’ला प्रत्यय लागला की आपण ‘मुलाला’ लिहितो, ‘मीठ’चे ‘मिठाचा’ होते. उच्चार बदलला की मराठीत मुळाचे रूपही बदलते. इंग्रजी शक्य तिथे मूळ तसेच ठेवते आणि उच्चार वाचणाऱ्यावर सोडते. हा फरक ध्यानात आला की निम्मी कोडी सुटतात.

अमेरिकेतील ‘स्क्रिप्स नॅशनल स्पेलिंग बी’ या १९२५ पासूनच्या स्पर्धेत याचेच प्रात्यक्षिक दिसते. १९८५ मध्ये बालू नटराजन हे तिथले भारतीय वंशाचे पहिले विजेते ठरले आणि १९९९ मधील नूपुर लाला यांच्या विजयानंतरच्या काळात तिथे भारतीय वंशाच्या मुलांचा दबदबा निर्माण झाला. मंचावर शब्द मिळताच ही मुले शब्दाचा अर्थ विचारतात आणि तो कोणत्या भाषेतून आला हेही विचारतात. मूळ कळले की अक्षरांचे पर्याय कमी होतात. ही मुले पाठांतर अफाट करतात, पण त्याला मुळांच्या अभ्यासाची जोड असते.

मराठी भाषकाला अडचण नेमकी कुठे येते?

पहिली अडचण अस्पष्ट स्वरांची. ‘ग्रामर’, ‘टीचर’, ‘डॉक्टर’ हे तीन शब्द देवनागरीत लिहिले तर शेवट एकच, ‘अर’. इंग्रजीत मात्र आर च्या आधी अनुक्रमे ए, ई आणि ओ. शब्दातल्या ज्या भागावर आघात नसतो, तिथला स्वर इंग्रजीत पुसट होतो आणि तो कोणत्याही अक्षराने लिहिलेला असू शकतो. ‘सेपरेट’, ‘डेफिनिट’, ‘रेलेव्हंट’, ‘इंडिपेंडंट’ हे नेहमी चुकणारे शब्द याच गटातले. हे शब्द मराठीत रोज देवनागरीत वाचले जातात, त्यामुळे ऐकलेले रूपच डोळ्यांनाही खरे वाटू लागते.

यावर उपाय शब्दाच्या कुटुंबाचा. पुसट स्वर त्याच कुटुंबातल्या दुसऱ्या शब्दात अनेकदा स्पष्ट होतो. ‘ग्रामर’ अडले तर ‘ग्रॅमॅटिकल’ म्हणून पाहावे, ए सापडतो. ‘एडिटर’ अडले तर ‘एडिटोरियल’, ओ सापडतो. ‘डेफिनिट’साठी ‘डेफिनिशन’, आय सापडतो. ‘सेपरेट’चे नाते ‘प्रिपेअर’शी आहे. दोन्हींच्या पोटात पी-ए-आर हे एकच लॅटिन मूळ आहे. म्हणून पी नंतर ए.

दुसरी अडचण जोडअक्षरांची. मराठीत ‘पक्का’ आणि ‘पका’ यांतला फरक कानाला कळतो. इंग्रजीत जोडीतले दुसरे अक्षर सहसा ऐकूच येत नाही. ते बहुतेकदा आधीचा स्वर तोकडा असल्याची खूण असते. एका पीचे ‘होपिंग’ म्हणजे आशा करणे, दोन पींचे ‘हॉपिंग’ म्हणजे लंगडी घालत उड्या मारणे. एका एनचा ‘डायनर’ म्हणजे जेवणारा, दोन एनचे ‘डिनर’ म्हणजे जेवण.

तिसरी अडचण एकच लिपीचिन्ह दोन कामे करते तिथली. ‘व्ह’ आपण व्ही साठीही वापरतो आणि डब्ल्यू-एच साठीही. हवामान आणि ‘की नाही’ या अर्थांचे दोन वेगळे शब्द देवनागरीत ‘वेदर’ असेच लिहिले जातात. ‘श’चा ध्वनी तर टी-आय-ओ-एन, एस-एस-आय-ओ-एन, सी-आय-ए-एन अशा अनेक शेपट्यांनी लिहिला जातो. यातही कूळ कामी येते. ‘म्युझिक’चा ‘म्युझिशियन’ होतो म्हणून तिथे सी. ‘डिस्कस’चे ‘डिस्कशन’ होते म्हणून तिथे दोन एस.

शाळेत शिकलेली संधी इथे कशी उपयोगी पडते?

जोडअक्षरांचे सर्वांत मोठे कोडे मराठी माध्यमात शिकलेल्याला खरे तर सोपे जायला हवे. उत् आणि ज्वल मिळून ‘उज्ज्वल’ होते, सत् आणि जन मिळून ‘सज्जन’, उत् आणि लेख मिळून ‘उल्लेख’. आधीचे व्यंजन पुढच्याच्या वळणावर जाते आणि अक्षर दुप्पट होते. लॅटिनमधून आलेल्या इंग्रजी शब्दांत अगदी हेच घडले आहे. ‘इन’ हा नकारदर्शक उपसर्ग ‘लीगल’ला लागला की ‘इल्लीगल’ होतो, ‘रेग्युलर’ला लागला की ‘इर्रेग्युलर’. म्हणून एकात दोन एल, दुसऱ्यात दोन आर. ‘कॉम’ उपसर्गापासून ‘करेक्ट’ आणि ‘कलेक्ट’ तयार झाले. ‘सब’पासून ‘सपोर्ट’ आणि ‘सक्सेस’, ‘अ‍ॅड’पासून ‘अ‍ॅट्रॅक्ट’ आणि ‘अ‍ॅग्रेसिव्ह’.

आता ‘अकोमोडेट’ पाहा. त्यात दोन उपसर्ग आहेत, ‘अ‍ॅड’ आणि ‘कॉम’, आणि पुढे ‘मोड’ हे मूळ. ‘अ‍ॅड’चा डी पुढच्या सी मध्ये मिसळला म्हणून दोन सी. ‘कॉम’चा एम आणि ‘मोड’चा एम समोरासमोर आले म्हणून दोन एम. ए-सी, सी-ओ-एम, एम-ओ-डी, ए-टी-ई असे चार तुकडे पाडले की हा शब्द पुन्हा चुकणे अवघड.

दुसरा प्रकार साध्या जोडणीचा. महत् ला त्व लागून ‘महत्त्व’ होते, म्हणून त्यात दोन त. हे ठाऊक असलेला ‘महत्व’ लिहीत नाही. तसेच ‘रिअल’ला ‘ली’ लागले म्हणून ‘रिअली’त दोन एल. ‘डिस’ आणि ‘सॅटिस्फाइड’ जोडले म्हणून दोन एस, पण ‘डिस’ आणि ‘अपॉइंट’ जोडताना एस एकच आणि पी दोन. ‘गव्हर्न’ला ‘मेंट’ लागते म्हणून ‘गव्हर्न्मेंट’मध्ये आर नंतर एन हवाच. चुकीचे स्पेलिंग करणे या अर्थाच्या ‘मिसस्पेल’ या शब्दातही ‘मिस’चा एक आणि ‘स्पेल’चा एक असे दोन एस येतात. अनेक जण नेमका तोच शब्द चुकवतात.

सुधारणेची सुरुवात कुठून करावी?

शब्दांच्या मोठमोठ्या याद्या पाठ करून नव्हे. ‘नेहमी चुकणारे ५०० शब्द’ अशा याद्यांतले बहुतेक शब्द प्रगत विद्यार्थ्याला येतच असतात. सुरुवात स्वतःच्या चुकांपासून करावी. ऑटोकरेक्ट बंद ठेवून किंवा हाताने, वेगवेगळ्या विषयांवर तीन-चार पाने लिहावीत. अडखळायला झाले तरी शब्द बदलू नये. त्याखाली रेघ ओढून पुढे जावे. नंतर शब्दकोशाच्या मदतीने चुका शोधाव्यात आणि वहीत उतरवाव्यात. या कसरतीतून एक गोष्ट कळते. वाटतात तितके चुकणारे शब्द नसतात, तेच ते पुन:पुन्हा चुकत असतात.

वहीत प्रत्येक शब्दासमोर चुकीचे कारण लिहावे. कारणे साधारण पाच निघतात. उपसर्ग-प्रत्ययाचा सांधा निसटला, पुसट स्वर चुकला, मूक अक्षर राहिले, सारख्या उच्चाराच्या दोन शब्दांत गल्लत झाली, किंवा निव्वळ घाईने अक्षर सुटले. समजा, एका पत्रात नऊ चुका निघाल्या. ‘रेकमेंड’, ‘अकोमोडेट’ आणि ‘डिसअपॉइंट’ या सांध्याच्या. ‘सेपरेट’, ‘कॅलेंडर’ आणि ‘इंडिपेंडंट’ या पुसट स्वराच्या. ‘रिसीट’ मूक अक्षराची. थांबलेले आणि लेखनसामग्री या अर्थांच्या दोन ‘स्टेशनरी’ शब्दांची अदलाबदल ही गल्लत. ‘फ्रॉम’चे ‘फॉर्म’ ही घाईची. म्हणजे काम नऊ शब्दांचे नाही, मुख्यतः दोन सवयींचे आहे. शेवटच्या प्रकाराला तर स्पेलिंगचा सराव नकोच. तिथे पाठवण्यापूर्वी एकदा सावकाश वाचणे हाच इलाज.

सराव कसा आणि किती?

आठवड्याला आठ-दहा शब्द, रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत. पद्धत जुनीच आहे, पाहा, झाका, लिहा, तपासा. शब्द नीट पाहायचा, त्याचे सांधे ओळखायचे, तो झाकायचा, आठवून एका दमात लिहायचा आणि मग ताडून पाहायचा. समोर ठेवून वीस वेळा उतरवण्यापेक्षा हे अधिक फळ देते, कारण उतरवताना आठवावे लागत नाही. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये उताऱ्यांच्या स्मरणावर प्रयोग केले. उतारा पुन:पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तो आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिला होता. हे तत्त्व स्पेलिंगलाही लागू पडते.

उजळणीत अंतर ठेवणेही तितकेच गरजेचे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने स्वतःवरच प्रयोग करून विस्मरणाचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये निष्कर्ष मांडले. एका बैठकीत केलेली घोकंपट्टी लवकर विरते, अंतराअंतराने केलेली उजळणी टिकते. म्हणून एकच शब्द आज, उद्या, तीन दिवसांनी, आठवड्याने आणि महिन्याने लिहून पाहावा. सलग बरोबर आला की यादीतून काढावा, चुकला की पुन्हा पहिल्या दिवसापासून.

ज्या शब्दाचे कूळ सापडत नाही, तिथे देवनागरी मदतीला घ्यावी. ‘वेन्सडे’ हा मनातल्या मनात ‘वेड-नेस-डे’ म्हणावा, ‘फेब्रुवारी’ ‘फेब-रु-अरी’, ‘कम्फर्टेबल’ ‘कम-फर्ट-ए-बल’. हा उच्चार फक्त लिहिण्यापुरता, बोलण्यासाठी नाही. दोन ‘स्टेशनरी’ शब्दांसाठी ‘एन्व्हलप’चा ई ध्यानात ठेवला की पाकीट-कागदांच्या स्टेशनरीत ई येतो हे विसरत नाही.

कोणते नियम खरोखर उपयोगाचे?

नियम अनेक सांगितले जातात, पण प्रगत विद्यार्थ्याला चारच पुरेसे कामाचे.

एक, दीर्घ ‘ई’चा उच्चार असेल तर आधी आय, मग ई, जसे ‘बिलीव्ह’ आणि ‘अचीव्ह’. सी नंतर मात्र आधी ई, मग आय, जसे ‘रिसीव्ह’ आणि ‘सीलिंग’. ‘सीझ’, ‘प्रोटीन’, ‘कॅफीन’ हे अपवाद पाठच करावेत.

दोन, दोन अवयवांच्या क्रियापदाचा आघात शेवटच्या भागावर असेल आणि त्या शेवटी एकच स्वर व एकच व्यंजन असेल तर प्रत्ययापूर्वी व्यंजन दुप्पट होते. ‘रेफर’चे ‘रेफर्ड’ होताना दोन आर, ‘बिगिन’चे ‘बिगिनिंग’ होताना दोन एन. ‘ऑफर’, ‘व्हिजिट’, ‘ओपन’ यांत आघात पहिल्या भागावर म्हणून व्यंजन एकच.

तीन, शेवटचा मूक ई स्वराने सुरू होणाऱ्या प्रत्ययापूर्वी जातो, पण सी किंवा जी चा मऊ उच्चार टिकवायचा असेल तर राहतो. म्हणून ‘नोटिसेबल’ आणि ‘मॅनेजेबल’मध्ये ई कायम.

चार, व्यंजनानंतरचा वाय प्रत्ययापूर्वी आय होतो. ‘बिझी’ला ‘नेस’ लागून ‘बिझनेस’ झाला, म्हणून त्यात बी-यू-एस नंतर आय. ‘आयएनजी’ लागताना मात्र वाय तसाच राहतो, जसे ‘स्टडी’चे ‘स्टडिंग’.

हे सगळे पाळूनही काही शब्द हट्टी राहतात. ‘मेन्टेन’ला नाम करताना ‘मेन्टेनन्स’मध्ये मधली अक्षरे बदलतात, ‘प्रोनाउन्स’च्या ‘प्रोनन्सिएशन’मध्ये ओ गळतो. अशांची संख्या थोडी असते. त्यांना वहीत वेगळे पान द्यावे.

ऑटोकरेक्ट बंद करावे का?

पूर्ण नाही. शब्द आपोआप बदलणारी सोय बंद करावी, चूक दाखवणारी लाल रेघ चालू ठेवावी. फोनच्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये या दोन सोयी बहुधा वेगवेगळ्या असतात. रेघ दिसली की लगेच सुचवलेल्या शब्दावर बोट ठेवू नये. आधी स्वतः एकदा दुरुस्त करून पाहावे, मगच ताडावे. सराव काही मिनिटांचा असतो, लिहिणे दिवसभराचे. त्यामुळे ही एक सवय बरेच काम करते. महत्त्वाचा मेल किंवा अर्ज असेल तर सगळ्या सोयी जरूर वापराव्यात.

संगणकावर भाषेची निवडही तपासावी. भारतात अभ्यासक्रम आणि कार्यालये यांत प्रामुख्याने ब्रिटिश वळण चालते, पण अनेक संगणकांत अमेरिकी इंग्रजी निवडलेले असते. मग ‘सेंटर’ आणि ‘कलर’ची बरोबर स्पेलिंगही चूक दाखवली जातात आणि आधीच डळमळीत असलेली खात्री आणखी ढासळते. ‘आयईएलटीएस’मध्ये दोन्ही वळणे चालतात. एका मजकुरात मात्र एकच वळण ठेवावे.

मदत करणाऱ्याने काय करावे, काय टाळावे?

शिक्षक, सहकारी किंवा घरातले कोणी मदत करत असेल तर पहिले पथ्य म्हणजे कागद लाल करू नये. वीस चुकांवर खुणा केल्या की शिकणारा त्यांतली एकही नीट पाहत नाही. पुन:पुन्हा येणाऱ्या तीन चुका निवडाव्यात आणि ओळीच्या समासात फक्त खूण करावी. चूक कुठे आहे ते त्यानेच शोधावे.

दुसरे, ‘यांतले बरोबर स्पेलिंग कोणते?’ असे चार पर्यायांचे प्रश्न टाळावेत. चुकीची रूपे वारंवार डोळ्यांखालून गेली की बरोबर रूपावरचाही विश्वास उडतो. तिसरे, श्रुतलेखन पुन्हा सुरू करावे, पण सुट्या शब्दांऐवजी वाक्यांचे. वहीतले शब्द गुंफून दहा वाक्यांचा ध्वनिसंदेश पाठवला तर शिकणारा सवडीने ऐकून लिहू शकतो आणि कागदाचा फोटो परत पाठवू शकतो. समोर बसून चुकण्याचा संकोचही त्यात उरत नाही. प्रौढ माणसाला शाळकरी मुलासारखे चारचौघांत स्पेलिंग विचारू नये, हे वेगळे सांगायला नको.

केव्हा तज्ज्ञांकडे जावे?

मराठीतही अक्षरांची अदलाबदल होत असेल, वाचन लहानपणापासून संथ आणि थकवणारे असेल, एकच शब्द एका पानावर तीन प्रकारे लिहिला जात असेल, कुटुंबात इतरांनाही तशी अडचण असेल तर डिस्लेक्सियाची शक्यता तपासून घ्यावी. तो आळस नव्हे आणि मंदबुद्धीही नव्हे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि राज्य मंडळाच्या परीक्षांत अशा विद्यार्थ्यांना सवलती मिळतात. मुंबईतील महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनसारख्या संस्था या क्षेत्रात काम करतात. मोठेपणी निदान झाले तरी उपयोग होतो. सरावाची पद्धत बदलते आणि वर्षानुवर्षे स्वतःला दिलेला दोष कमी होतो.

सुधारणा झाली हे कसे ओळखायचे?

‘आता स्पेलिंग चुकत नाही’ हे उद्दिष्ट ठेवले तर पदरी निराशाच येईल. जन्मापासून इंग्रजी बोलणारेही शब्दकोश उघडतात. मोजमाप स्वतःच्या वहीचे असावे. महिन्याने पुन्हा तितकीच पाने, त्याच पद्धतीने लिहावीत. नव्या चुका असतील, त्यांची चिंता नको. वहीतल्या जुन्या शब्दांपैकी किती पुन्हा चुकले, एवढेच मोजावे. तो आकडा घटत असेल तर पद्धत बरोबर आहे. घटत नसेल तर शब्दांची संख्या निम्मी करावी आणि उजळणीतले अंतर कमी करावे. आणखी एक खूण आहे. लिहिताना सोपा पर्यायी शब्द शोधण्याऐवजी मनात आलेलाच शब्द कागदावर उतरू लागला की सराव कामी येत आहे असे समजावे.